स्कायडायव्हिंग, स्त्रिया आणि खुला गट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मालवणला बोटीला दोर बांधून माणसाला वर चढवतात, ते पॅरासेलिंग. कामशेतच्या डोंगरउतारावर पंख आधी पसरून, चार पावलं धावून हवेत शिरतात, ते पॅराग्लायडिंग. दोन्हींत पाय जमिनीवरून सुटण्यापूर्वीच कापड हवेने भरलेलं असतं. स्कायडायव्हिंग ही तिसरीच गोष्ट आहे. विमानातून साधारण १३,००० फुटांवर बाहेर पडायचं, जवळजवळ मिनिटभर मोकळं पडायचं आणि मग पॅराशूट उघडायचं. आपल्याकडे या तिन्ही प्रकारांना सर्रास एकाच नावाने ओळखतात, आणि मग एकाचे धोके, एकाचे नियम दुसऱ्याच्या माथी बसतात.

या खेळाबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज मात्र वेगळा आहे. हा छातीच्या कोटाचा, मर्दानी खेळ. एखाद्या मुलीने उडी मारली तर तिचं कौतुक करावं, पण पुरुषांशी तिची बरोबरी कशी होणार, असं सहज बोललं जातं. मला मुख्यतः त्याबद्दल लिहायचं आहे. त्याआधी काही साध्या समजुती दूर करायला हव्यात, कारण त्या सुटल्याशिवाय पुढचं नीट कळत नाही.

«विमानातून बाहेर पडताच पोटात गोळा येतो, श्वास कोंडतो.»

जत्रेतल्या आकाशपाळण्यात येतो तसा गोळा इथे सहसा येत नाही. विमान ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने पुढे जात असतं आणि उडी मारणाऱ्याच्या अंगातही तो वेग असतो. त्यामुळे दारातून निघताच वाऱ्याचा दाब जाणवतो, फक्त त्याची दिशा हळूहळू समोरून खालच्या बाजूला सरकते. दहा-बारा सेकंदांत हवेचा रेटा शरीराच्या वजनाइतका होतो आणि वेग वाढायचा थांबतो. पोट जमिनीकडे ठेवून पडणाऱ्याचा हा वेग ताशी १९० ते २०० किलोमीटर असतो. श्वास घेता येतो. बोलणं मात्र ऐकू येत नाही. चित्रपटातले नायक पडता पडता संवाद म्हणतात, ते शक्य नाही. खरे खेळाडू हाताच्या खुणा वापरतात.

पॅराशूट उघडल्यावर माणूस झपकन वर जातो, हेही खरं नाही. चित्रीकरण करणारा त्या क्षणी अजून वेगाने खाली पडत असतो, म्हणून समोरचा वर गेल्यासारखा दिसतो.

«पॅराशूट उघडलं नाही की संपलं.»

पाठीवरच्या एकाच पिशवीत दोन पॅराशूट असतात: मुख्य आणि राखीव. मुख्य बिघडलं तर ते सोडून द्यायचं आणि राखीव उघडायचं, याचा सराव पहिल्या उडीच्या आधी जमिनीवर करून घेतात. राखीव पॅराशूट खेळाडू स्वतः भरत नाही. त्यासाठी परवानाधारक रिगर असतो. शिवाय १९९१ पासून सायप्रेस हे जर्मन यंत्र बाजारात आहे, आणि आता त्या जातीची इतरही आहेत. ठरावीक उंचीच्या खाली माणूस अजून भरधाव पडतच असेल, तर ते स्वतःहून राखीव पॅराशूट उघडतं.

खेळात धोका आहेच. युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनच्या नोंदींनुसार २०२३ मध्ये अमेरिकेत साडेछत्तीस लाखांच्या आसपास उड्या झाल्या आणि १० जण मरण पावले. १९७० च्या दशकात तिथे दरवर्षी सरासरी ४० हून अधिक माणसं दगावत. लोकांना धक्का बसतो तो पुढच्या माहितीने: पुष्कळसे जीवघेणे अपघात धडधाकट, पूर्ण उघडलेल्या पॅराशूटखाली होतात. अनुभव बेताचा असताना लहान, चपळ पॅराशूट घ्यायचं, जमिनीजवळ जोरकस वळण घ्यायचं, आणि सावरायला उंची उरत नाही. म्हणजे या खेळात माणूस जगतो तो शिस्तीवर. जिगर जास्त असणं हा इथला गुण नाही, आणि हा खेळ पुरुषी धाडसाचा आहे या समजुतीचा पाया इथेच ढासळतो.

«ताकद जास्त, वजन जास्त, म्हणून पुरुष पुढे राहणार.»

हा मुद्दा सविस्तर पाहू. मोकळं पडताना पायाखाली जमीन नसते, ढकलायला काही नसतं. हात, पाय, छाती हवेत किती अंशात वळवली, यावर सगळी हालचाल होते. गुडघे थोडे सरळ केले की पुढे सरकता येतं, एक हात जरा खाली केला की वळता येतं. स्नायूंचं बळ लावून अंग ताठ केलं, तर नवशिक्याचं शरीर डळमळायला लागतं. प्रशिक्षक सारखे बजावत असतात की अंग सैल सोडा.

वजनाचा प्रश्न मात्र खरा आहे. हवेत जड माणूस हलक्यापेक्षा वेगाने पडतो, कारण तितक्याच आकाराच्या शरीरावर हवेला जास्त वजन तोलायचं असतं. चौघांना एकमेकांचे हातपाय धरून आकृत्या करायच्या असतील, तर चौघांचा पडण्याचा वेग सारखा हवा. यावर उपाय सोपा आहे. हलका खेळाडू कमरेला शिशाची वजनं बांधतो, जड खेळाडू थोडा ढगळ पोशाख घालतो. धावण्यात किंवा वजन उचलण्यात असं काही करता येत नाही; स्नायू आणि हाडांची लांबी उसनी मिळत नाही. आकाशात फरक ज्या गोष्टीने पडतो, ती गोष्ट शिवणाऱ्याकडून आणि शिशाच्या पट्ट्याने भरून निघते.

आता स्पर्धा कशी होते ते पाहा. चौघांच्या फॉर्मेशन स्कायडायव्हिंगमध्ये आकृत्यांचा क्रम सोडत काढून ठरतो. संघ साधारण साडेदहा हजार फुटांवर विमान सोडतो आणि घड्याळात ३५ सेकंद असतात. तेवढ्यात जितक्या आकृत्या बिनचूक होतील तितके गुण. पाचवा खेळाडू वरून चित्रण करतो आणि पंच त्यावरून मोजतात. अव्वल संघ एका उडीत वीसहून अधिक आकृत्या करतात, म्हणजे एका आकृतीला पावणेदोन सेकंदांहूनही कमी वेळ. इथे लागतं ते नजरेचं भान, पाठांतर आणि इतर तिघांच्या मनाचा अंदाज. जागतिक स्पर्धेत या प्रकाराचा मुख्य गट खुला आहे. त्यात संघ चार पुरुषांचा असो, चार स्त्रियांचा असो किंवा मिश्र, गुणपत्रक एकच असतं. या गटात मिश्र संघांनी वर्षानुवर्षं पदकं मिळवली आहेत. खुला गट म्हणजे पुरुषांचा गट, असं समजणारे पुष्कळ आहेत. नियमांत तसं काही नाही.

कॅनोपी पायलटिंगमध्ये उघडलेलं पॅराशूट पाण्यावरून वेगाने आणि अचूक नेतात. तिथेही स्त्री-पुरुष एकाच यादीत येतात. रोमानियात जन्मलेली आणि संयुक्त अरब अमिरातीकडून खेळणारी कॉर्नेलिया मिहाई त्या यादीत पुरुषांना मागे टाकून पदकांपर्यंत पोचलेली आहे. हवेच्या उभ्या बोगद्यात, म्हणजे विमानाशिवाय, होणाऱ्या स्पर्धेचं उदाहरण तर अधिक बोलकं आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये स्पेनमधल्या कॅटलोनियातल्या विंड गेम्समध्ये सिंगापूरच्या किरा पोह हिने वेग आणि मुक्तशैली अशी दोन सुवर्णपदकं घेतली. समोर प्रौढ पुरुष होते. तिचं वय १४.

याच खेळात वजनाला आणि बळाला महत्त्व असलेले प्रकारही आहेत. डोकं खाली करून नुसता जास्तीत जास्त वेग गाठायचा, तिथे जड शरीराला फायदा आहे. स्टाइल या जुन्या प्रकारात सहा-सात सेकंदांत गिरक्या आणि कोलांट्या घ्याव्या लागतात, तिथेही शरीराची ठेवण फरक पाडते आणि स्त्री-पुरुषांचे निकाल वेगळे लागतात. पण जमिनीवरच्या दोन सेंटिमीटरच्या ठिपक्यावर टाच टेकवण्याच्या स्पर्धेतही ते वेगळेच लागतात. तिथे वेगळेपणाला मला परंपरेखेरीज पटण्यासारखं कारण दिसत नाही.

«स्त्रिया बरोबरीच्या असतील, तर फॉर्मेशनमध्ये फक्त महिलांचा गट कशाला?»

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर संख्येत आहे. अमेरिकेतल्या संघटनेच्या सभासदांत स्त्रियांचं प्रमाण बराच काळ १३-१४ टक्क्यांच्या आसपास राहिलं आहे. सातांत एक स्त्री असेल, तर शिखरावरही स्त्रिया कमीच दिसणार. त्यावरून क्षमतेचा निष्कर्ष काढणं चूक आहे. महिला गटामुळे मुलींचे संघ उभे राहतात, त्यांना प्रायोजक मिळतात, एकत्र सराव होतो. त्या गटात खेळलेल्या स्त्रीला खुल्या गटाचं दार बंद होत नाही. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेरिस इथे १८१ स्त्रियांनी आकाशात एकमेकींना धरून विक्रमी आकृती केली. स्तनाच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी निधी उभारणं हा त्यामागचा हेतू होता.

«मग सगळ्याच खेळांत स्त्री-पुरुष एकत्र खेळवा.»

हा उलट बाजूचा गैरसमज, आणि तो स्त्रियांचंच नुकसान करणारा आहे. १०० मीटर धावण्यात पुरुषांचा विश्वविक्रम ९.५८ सेकंदांचा, स्त्रियांचा १०.४९ चा. उंच उडीत २.४५ मीटर आणि २.१० मीटर. वयात आल्यावर पुरुषांच्या शरीरात स्नायू, हृदयाचा आकार, रक्तातलं हिमोग्लोबिन, हाडांची लांबी यांत जो फरक पडतो, तो सरावाने पुसला जात नाही. भारतातले आघाडीचे पुरुष धावपटूही १०.४९ पेक्षा कमी वेळात धावतात. धावण्याचे गट एकत्र केले, तर अंतिम फेरीत एकही स्त्री उरणार नाही. तिथे वेगळा गट ही न्यायाची अट आहे.

प्रश्न उरतो तो जिथे असा फरक नसताना दार बंद ठेवलं जातं तिथला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीट नेमबाजी खुली होती. चीनची झांग शान हिने पुरुषांसह सगळ्यांना हरवून सुवर्ण जिंकलं. १९९६ मध्ये अटलांटाला स्कीट फक्त पुरुषांसाठी ठेवलं गेलं आणि महिलांसाठी वेगळी स्पर्धाही नव्हती. ऑलिंपिक विजेतीला आपलं पद राखण्यासाठी मैदानात उतरताच आलं नाही. महिलांचं स्कीट आलं ते २००० साली, सिडनीला. घोडेस्वारीत मात्र स्त्री-पुरुष आजही ऑलिंपिकमध्ये एकाच पदकासाठी लढतात. १९५२ मध्ये पोलिओने गुडघ्याखाली पाय लुळे झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल हिने ड्रेसाजमध्ये रौप्य मिळवलं होतं.

आपल्या घरचं उदाहरण बुद्धिबळाचं. १९७६ मध्ये मुंबईची रोहिणी खाडिलकर ही शाळकरी मुलगी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली आणि गदारोळ उठला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, तिच्या बाजूने लागलं, आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी स्त्रियांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून अडवता येणार नाही, असा निर्णय दिला. महाराष्ट्रात ही गोष्ट मुलींना सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही.

«बायकांच्या शरीराला असे धक्के सोसत नाहीत.»

२००५ मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे अध्यक्ष जियान-फ्रांको कास्पर यांनी स्की जंपिंग वैद्यकीयदृष्ट्या स्त्रियांना योग्य वाटत नाही, असं जाहीरपणे म्हटलं होतं. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना हा खेळ मिळाला नाही, आणि स्पर्धेसाठी बांधलेल्या लहान टेकडीवरचा सर्वांत लांब उडीचा विक्रम त्याआधी अमेरिकेच्या लिंडसी व्हॅन या स्त्रीच्याच नावावर होता. २०१४ मध्ये दार उघडलं.

पॅराशूटच्या बाबतीत तर इतिहासच उत्तर देतो. झान-झेनव्हिएव्ह लाब्रोस ही फ्रेंच स्त्री १७९९ मध्ये बलूनमधून पॅराशूटने उतरली होती. १९१३ मध्ये टायनी ब्रॉडविक या अमेरिकन तरुणीने लॉस एंजेलिसवर विमानातून उडी मारली. सोव्हिएत अंतराळवीर व्हॅलेंटिना तेरेश्कोवा आधी कापडगिरणीत काम करत होती; पॅराशूटचा छंद तिने फावल्या वेळात जोपासला. सोव्हिएत अंतराळवीरांना परतताना यानातून बाहेर फेकलं जाऊन पॅराशूटने उतरावं लागे, म्हणून तो छंदच तिच्या निवडीचं मोठं कारण ठरला. १९६३ च्या जूनमध्ये पृथ्वीभोवती ४८ फेऱ्या करून ती तशीच, पॅराशूटखाली, जमिनीवर आली.

भारतात रेचल थॉमस यांनी २००२ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्याच्या शीतल महाजन यांची आयुष्यातली पहिलीच उडी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर होती, त्याआधी सरावाची एकही उडी झालेली नव्हती. पुढे २००६ मध्ये अंटार्क्टिका, २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी. त्यांच्या जिद्दीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पहिली उडी ध्रुवावर हा शिकण्याचा रस्ता नव्हे, आणि अशा पराक्रमांच्या बातम्यांमुळे हा खेळ फक्त असामान्य बायकांचा, असा नवा समज रुजतो.

खरा रस्ता क्रमाने जातो. प्रशिक्षकाच्या अंगाला बांधून मारलेली टँडम उडी ही ओळख. त्याने कोणी स्कायडायव्हर होत नाही. अमेरिकी पद्धतीत पहिला, म्हणजे ए परवाना किमान २५ उड्यांनंतर मिळतो, सर्वांत वरचा डी परवाना ५०० नंतर. हरयाणातल्या नारनौलजवळ नागरिकांसाठी उड्या होतात, पण स्पर्धेपर्यंत जायचं तर बहुतेकांना परदेशी केंद्र गाठावं लागतं आणि परवान्यापर्यंतच काही लाख रुपये जातात. आपल्या मुलींसमोरची खरी भिंत ही पैशाची आणि सोयीची आहे. ती मुलांसमोरही आहे. मुलींसमोर घरच्यांची परवानगी हा आणखी एक थर चढतो.

घरातल्या कुणाला उडी मारायची असेल, तर पैसे भरण्याआधी केंद्राला चार गोष्टी विचारा. प्रशिक्षकाकडे कोणता परवाना आहे? राखीव पॅराशूट शेवटचं कधी तपासून भरलं? स्वयंचलित यंत्र बसवलेलं आहे का? वारा किती झाला की उड्या थांबवता? मुलगा जाणार असो की मुलगी, प्रश्न हेच. उत्तरं टाळणाऱ्या केंद्रात कुणालाच पाठवू नका.