उशीपासून आठ फुटांवर

३२ इंची स्मार्ट टीव्ही हा आता शहरी घरांत मुख्यतः बेडरूमचा टीव्ही झाला आहे. हॉलमध्ये ४३ किंवा ५५ इंची पडदा येतो आणि त्याच्या आधीचा लहान टीव्ही आत सरकतो, नाहीतर दहा ते पंधरा हजारांत आतल्या खोलीसाठी नवा घेतला जातो. हा आकार स्वस्त राहण्यामागे करांचाही हात होता. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याहून मोठ्या पडद्यांना हीच सवलत मिळायला २२ सप्टेंबर २०२५ उजाडला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शनचे मुंबई केंद्र सुरू झाले, तेव्हा चाळीत एखाद्याच बिऱ्हाडात टीव्ही असे आणि दारापर्यंत माणसे बसत. तोच टीव्ही आता घरातल्या सर्वांत खासगी खोलीत आला आहे, आणि तिथे त्याला हॉलची मोजमापे लावून चालत नाही.

किंमत बारा हजारांवर ठेवायची तर काटछाट कुठेतरी करावी लागते. ती पडद्याच्या बारकाईत होते, प्रोसेसर आणि मेमरीत होते, आवाजात होते. यातली पहिली काटछाट बेडरूममध्ये जवळजवळ जाणवत नाही. स्वस्त ३२ इंची पडद्यावर बहुधा आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात. याला ‘एचडी रेडी’ म्हणतात आणि दुकानात हाच मुद्दा काढून ग्राहकाला वरचे मॉडेल दाखवले जाते. पडदा ७१ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. निरोगी डोळ्याला इतके बारीक ठिपके सहा फुटांपलीकडून वेगळे दिसत नाहीत. दहा बाय दहाच्या खोलीत पलंगाचे डोके एका भिंतीला आणि टीव्ही समोरच्या भिंतीला असेल, तर उशीवरच्या डोळ्यांपासून पडदा आठ फुटांवर पडतो. त्या अंतरावरून जास्त ठिपक्यांसाठी मोजलेले पैसे दिसतच नाहीत. फोर-के दर्जाच्या महागड्या सदस्यत्वाचेही तेच. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातली बेसिक योजना ४९९ रुपयांवरून १९९ वर आणली. तिचे चित्र ७२० ओळींचे असते आणि अशा पडद्याला ते पुरेसे आहे.

खरा फरक पाहण्याच्या कोनामुळे पडतो. अनेक स्वस्त पडद्यांत समोरून काळा रंग चांगला काळा दिसतो, पण बाजूने किंवा खालून पाहिले की तो राखाडी होतो आणि चेहरे फिकट पडतात. हॉलमध्ये माणूस बसून पाहतो, त्यामुळे तिथे पडद्याचा मध्य बसलेल्या डोळ्यांच्या उंचीला असावा लागतो. पलंगावर दोन उशांना टेकलेल्या माणसाची नजर आपसूक थोडी वर जाते, म्हणून इथे टीव्ही त्याहून फूट-दीड फूट वर शोभतो. मात्र तो भिंतीला सपाट चिकटवला तर खालून पाहणाऱ्याला उतरलेले रंगच दिसत राहतात. थोडे पुढे झुकवता येणारे ब्रॅकेट घेतले की ही अडचण सुटते. त्यासाठी लागणारे जास्तीचे काही रुपये या सगळ्या खरेदीतले सर्वांत सार्थकी लागणारे पैसे आहेत.

जागा ठरवण्याची साधी रीत अशी: टीव्हीच्या आकाराचा वर्तमानपत्राचा कागद कापून भिंतीला चिकटपट्टीने लावायचा, नेहमीच्या उशा घेऊन आडवे व्हायचे आणि पाच मिनिटे त्याच्याकडे पाहायचे. मान ताणली जात असेल तर कागद खाली घ्यायचा. पलंगावर दोघे झोपत असतील तर दोघांनीही पाहायचे, कारण कागद एकाच्या समोर लागला की दुसऱ्याला तो तिरका पडतो. भोके पाडण्याआधी भिंतीवर बोटांनी ठोकून पाहावे. टीव्हीचे वजन चार किलोंच्या आसपास असते आणि विटांची भिंत ते सहज पेलते. नव्या इमारतींतल्या सिपोरेक्सच्या भिंतीत मात्र साधा प्लग कालांतराने सैल होतो, तिथे त्या भिंतींसाठी मिळणारे खास प्लग वापरावे लागतात. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल लावू नये, आतून वायरची नळी गेलेली असण्याची शक्यता असते.

झोपेचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल अर्धवट माहितीच जास्त पसरलेली आहे. डोळ्यांच्या पडद्यात पाहण्यासाठीच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात, ज्या उजेड किती आहे हे थेट मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. त्यांचा छडा २००२ च्या सुमारास लागला. त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात, आणि हा प्रकाश रात्री भरपूर मिळाला की झोप आणणारे मेलाटोनिन उशिरा पाझरते. इथपर्यंत सगळे खरे. पण प्रकाशाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने घटतो. सारख्याच उजळ ठेवलेल्या दोन पांढऱ्या पडद्यांचा हिशेब केला, तर आठ फुटांवरच्या ३२ इंची टीव्हीपेक्षा एका फुटावर धरलेला मोबाइल डोळ्यांवर दुपटीहून जास्त उजेड टाकतो. त्यामुळे झोपण्यापूर्वी मोबाइल ठेवून टीव्ही लावणारा माणूस उजेडाच्या बाबतीत तोट्यात नसतो.

झोप जाते ती मुख्यतः पडद्यावर जे चालते त्याने. एक भाग संपताच काही सेकंदांत पुढचा सुरू होतो आणि थांबण्याचा निर्णय पेंगुळलेल्या माणसावर येऊन पडतो. हे आपोआप पुढे जाणे बऱ्याच अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये बंद करता येते, आणि बेडरूमच्या टीव्हीवर ते पहिल्याच दिवशी करावे. दुसरी सोय स्लीप टायमरची. जवळपास प्रत्येक संचात ती असते, पण मेनूच्या इतक्या आत दडलेली असते की अनेक घरांत ती वर्षानुवर्षे कोणी उघडलेली नसते. काही संचांत चित्र बंद ठेवून नुसता आवाज चालू ठेवता येतो. रात्री जुनी गाणी किंवा कीर्तन ऐकत झोपणाऱ्या वडीलधाऱ्यांना याचा फार उपयोग होतो.

उजेड कमी करताना एक चूक नेहमी होते. ‘ब्राइटनेस’ खाली आणली की चित्रातला अंधाराचा भाग आणखी गडद होतो आणि बारकावे बुडतात. पडद्यामागच्या दिव्यांचा जोर बहुतेक संचांत ‘बॅकलाइट’ या वेगळ्या पर्यायाने कमी होतो. रात्रीसाठी ‘व्हिव्हिड’ सोडून ‘मूव्ही’ चित्रप्रकार निवडावा आणि बॅकलाइट निम्म्यावर आणावा, डोळे लगेच सुखावतात.

लहान मुलांच्या खोलीत मात्र हा टीव्ही लावूच नये. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा अजिबात नको आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून जास्त नको, असे इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचे मार्गदर्शन आहे. दार लोटलेल्या खोलीत हा एक तास कोण मोजणार?

आवाजाची अडचण वेगळ्या प्रकारची आहे. पातळ संचात स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे पार्श्वसंगीत घुमते आणि संवाद पुटपुटल्यासारखे येतात. ऐकणारा आवाज वाढवतो आणि शेजारी झोपलेल्याची झोप मोडते. ब्लूटूथ हेडफोन हा त्यावरचा सोपा उपाय. ओठ आणि शब्द मागेपुढे होऊ लागले, तर काही संचांत आवाजाच्या सेटिंगमध्ये ते जुळवून घेता येते.

दीड-दोन वर्षांत संच मंदावतो, रिमोटचे बटण दाबल्यावर पडदा विचार करत बसतो, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. एक जीबी रॅम आणि आठ जीबी साठवण घेऊन आलेल्या संचावर दरवर्षी जड होत जाणारी अ‍ॅप चालवायची असतात, तेव्हा दुसरे काही होणे अवघडच असते. न लागणारी अ‍ॅप काढली, कॅशे साफ केली आणि आठवड्यातून एकदा संच प्लगपासून बंद करून सुरू केला की बराच फरक पडतो. तरीही भागले नाही, तर पडदा चांगला असताना टीव्ही बदलू नये. मागच्या एचडीएमआय खाचेत बसणारी स्ट्रीमिंग स्टिक काही हजारांत मिळते आणि संचाला नवा मेंदू देते.

संच इतका स्वस्त परवडतो त्याचे एक कारण असे, की तो विकून झाल्यावरही कमाई करत राहतो. अमेरिकेतल्या व्हिझिओ या कंपनीला २०२१ मध्ये टीव्ही विकून जेवढा ढोबळ नफा झाला, त्याहून जास्त जाहिराती आणि माहितीच्या व्यवसायातून झाला. पडद्यावर काय चालले आहे हे ओळखून त्याची नोंद पाठवणारे तंत्र अनेक स्मार्ट टीव्हींत असते. प्रेक्षकांना न सांगता अशी माहिती गोळा केल्याच्या तक्रारीवर याच कंपनीने २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीला महत्त्व देतो, पण पहिल्या दिवशी टीव्ही सुरू करताना सगळ्यांना चित्र पाहण्याची घाई असते आणि ‘मान्य आहे’वर बोट पडते. नंतर गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहण्याच्या नोंदीची आणि खास जाहिरातींची परवानगी काढून घेता येते. झोपण्याच्या खोलीत तरी एवढे दहा मिनिटांचे काम टाळू नये.

विजेची काळजी करण्याजोगी नाही. ३२ इंची संच साधारण ४० वॅट घेतो. रोज तीन तास पाहिला तर महिन्याला चार युनिटही जळत नाहीत. जुना छतपंखा तासाला याहून जास्त वीज खातो. धोका आहे तो वळवाच्या आणि परतीच्या पावसातल्या विजांचा. ढग गडगडू लागले की रिमोटने बंद करून भागत नाही, प्लग काढावा आणि छत्रीची किंवा केबलची वायरही सोडवावी, कारण झटका तिच्यातूनही येतो.

काही वर्षांनी एखाद्या संध्याकाळी आवाज येतो आणि पडदा काळाच राहतो. खोलीत अंधार करून मोबाइलची बॅटरी पडद्याजवळ तिरकी धरावी. आत पुसट चित्र हलताना दिसले तर पडदा जिवंत आहे, फक्त मागच्या दिव्यांची पट्टी गेली आहे. गल्लीतला टीव्ही दुरुस्त करणारा ती पट्टी नव्या संचाच्या किमतीच्या थोड्याशा भागात बदलून देतो. बॅकलाइट पहिल्यापासून निम्म्यावर ठेवलेल्या संचात ही पट्टी जास्त वर्षे टिकते.