घराची परीक्षा

ऐन उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत अभ्यासाला बसणाऱ्या मुलाला घर कसे नसावे, हे शिकवावे लागत नाही. घर कसे असावे, हे शिकविणारी विद्यार्थ्यांची एक स्पर्धा मात्र आहे. तिची माहिती आपल्या घराघरांत पोहोचली पाहिजे.

‘सोलर डेकॅथलॉन’ हे तिचे नाव. डेकॅथलॉन म्हणजे दहा कसोट्यांची शर्यत. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २००२ साली वॉशिंग्टन येथे ती प्रथम भरविली. विद्यार्थ्यांनी सूर्याच्या ऊर्जेवर चालणारे घर नुसते कागदावर काढायचे नव्हते, तर प्रत्यक्ष उभे करायचे होते. अशा स्पर्धांत घरात कपडे धुतले जात, स्वयंपाक होई, शेजारच्या संघांना जेवायला बोलावले जाई. आणि आतील उष्मा ठरल्या मर्यादेत राहतो का, हे मोजले जाई. घर दिसते कसे एवढ्यावर भागत नसे. त्यात सुखाने राहता येते, हे सिद्ध करावे लागे.

२०१४ साली युरोपची स्पर्धा फ्रान्समधील व्हर्साय येथे झाली. तिथे मुंबईच्या आय.आय.टी.च्या आणि रचना संसदेच्या अकॅडमी ऑफ आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी ‘टीम शून्य’ या नावाने आपले घर उभे केले. या स्पर्धेत उतरलेला तो पहिला भारतीय संघ.

पुढे २०२०-२१ मध्ये ‘सोलर डेकॅथलॉन इंडिया’ सुरू झाली. इथे घर बांधायचे नसते, खऱ्या प्रकल्पाचा आराखडा करायचा असतो. इमारतीला वर्षभरात लागेल तेवढी वीज तिनेच निर्माण करावी, ही मुख्य अट. पाण्याचाही हिशेब मांडावा लागतो.

या स्पर्धेत एक विभाग बांधकाम मजुरांच्या निवाऱ्याचाही ठेवला गेला, ही आपल्या दृष्टीने मोलाची गोष्ट. टोलेजंग इमारती उभारणारे हात स्वतः पत्र्याच्या खोपटात राहतात. त्यांचा निवारा स्वस्त हवा, काम संपल्यावर सोडवून दुसरीकडे नेता यायला हवा आणि आत झोप लागायला हवी. हे कोडे सोपे नाही. पत्रा ऊन शोषतो आणि ती धग खाली सोडतो. त्यावर पांढरा थर दिला तर बरेचसे ऊन परतते. समोरासमोर खिडक्या आणि वर झरोका असेल तर गरम हवा बाहेर पडते. पश्चिमेच्या भिंतीवर सावली केली तर संध्याकाळ सुसह्य होते. यातले काही करायला विजेचे बिल येत नाही.

पालकहो, अशा संघात केवळ वास्तुशास्त्राची मुले नसतात. स्थापत्य आणि विद्युत अभियांत्रिकीची, खर्चाचा हिशेब मांडणारीही लागतात. आपली मुलगी वा मुलगा महाविद्यालयात असेल, तर प्राध्यापकांकडे या स्पर्धेची चौकशी अवश्य करावी. ज्याने पत्र्याखालची दुपार सोसली आहे, त्याला या परीक्षेतला पहिला प्रश्न आधीच ठाऊक असतो. उत्तर शोधण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे.