गाडी उडते तेव्हा

रविवारी सकाळी नाट्यगृहाच्या मागच्या दाराला ट्रक लागला. फळी टाकून गाडी हळूहळू खाली घेतली, आणि आम्ही वीसेक जण हातातली कामं टाकून नुसते बघत उभे राहिलो. पितळी दिवे, लांबलचक बॉनेट, बाजूला मिटून ठेवलेले पंख. आठ महिने ही गाडी म्हणजे आमच्यासाठी चर्चच्या हॉलमधल्या चार खुर्च्या आणि त्यांच्याभोवती जमिनीवर चिकटवलेली पिवळी पट्टी होती. पट्टीच्या आत कुणाचा पाय पडला की दिग्दर्शिका तालीम थांबवायची आणि म्हणायची, ‘तुम्ही आत्ता पंखातून आरपार गेलात!’

नाटक ‘चिट्टी चिट्टी बँग बँग’. नोकरीनिमित्त इंग्लंडात आल्यापासून मी इथल्या एका हौशी संगीतनाट्य संस्थेत पडद्यामागचं काम करतो. शिक्षक, नर्स, प्लंबर, निवृत्त पोस्टमन अशी माणसं संध्याकाळी तालमीला येतात. पैसे मिळत तर नाहीतच, उलट वर्गणी भरावी लागते. अशा संस्थांची ‘नोडा’ ही मध्यवर्ती संघटना 1899 साली स्थापन झाली. आज तिच्या सभासद संस्था दोन हजारांहून अधिक आहेत. आपल्याकडे 1954 पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेत हौशी संघाला आपल्या एकाच प्रयोगासाठी जीव टाकावा लागतो. इथे नाट्यगृह आठवडाभर भाड्याने घेतात आणि मंगळवार ते शनिवार प्रयोग लावतात. शनिवारी तर दोन.

गोष्टीचा उगम खऱ्या गाड्यांत आहे. काउंट लुई झ्बोरोव्स्की या शौकिनाने 1921 साली कँटरबरीजवळ, आपल्या घरी, एका मोटारीत 23 लिटरचं मेबाख विमानइंजिन बसवलं आणि ती ब्रुकलंड्सच्या शर्यतीत उतरवली. बाँडचा जनक इयन फ्लेमिंग 1961 मध्ये हृदयविकाराच्या झटक्यातून सावरत होता, तेव्हा त्याने आपल्या मुलासाठी ‘चिट्टी चिट्टी बँग बँग’ नावाच्या गाडीची गोष्ट लिहिली. पुस्तक 1964 मध्ये आलं, पण ते बघायला तो राहिला नव्हता. 1968 साली चित्रपट झाला आणि शेर्मन बंधूंनी त्याची गाणी रचली. मुलांना पकडून नेणारा तो भयंकर माणूस पुस्तकात नाही, चित्रपटात आला. रंगमंचावर गाडी पहिल्यांदा उडाली 2002 मध्ये, लंडनच्या पॅलॅडियममध्ये. तिथे व्यावसायिक निर्मितीची ताकद होती. हौशी संस्था हे नाटक घेते तेव्हा वर्षभराची पुंजी पणाला लावते. तिकिटं खपली नाहीत तर पुढच्या वर्षी नाटकच नाही.

गाडी उडते कशी? मागून आलेली एक मजबूत भुजा तिला उचलते, एवढंच. खरी कला ती भुजा दिसू न देण्यात आहे. भुजेला काळा, चमक नसलेला रंग. तिच्यामागे काळ्या मखमलीचा पडदा, कारण मखमल प्रकाश गिळते. दिवे समोरून टाकायचे नाहीत, दोन्ही विंगांतून आडवे टाकायचे, म्हणजे गाडीची कूस उजळते आणि मागचं सारं अंधारात राहतं. खाली धुकं हवं. उणे 78 अंशांचा ‘ड्राय आइस’ गरम पाण्यात सोडला की दाट पांढरं धुकं निघतं आणि थंड, जड असल्यामुळे जमिनीलगत पसरतं. पण तेच वाहत वाहत वाद्यवृंदाच्या खड्ड्यात उतरतं, आणि तो कार्बन डायऑक्साइड असतो. खड्ड्यात हवा खेळती ठेवावीच लागते. पहिल्या रंगीत तालमीत बासरीवाल्या बाई धुक्यात गडप झाल्या, तेव्हा आम्ही ड्राय आइस निम्म्यावर आणला.

या नाटकात मुलं पुष्कळ आहेत आणि त्यांच्याबाबतचे नियम कडक आहेत. स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते. कौन्सिलने पारखून मान्यता दिलेली एक देखरेख करणारी व्यक्ती जास्तीत जास्त 12 मुलं सांभाळू शकते. म्हणून मुलांचे दोन गट केले, लाल आणि निळा, आळीपाळीने. काही सभासद या कागदपत्रांवर वैतागतात. मला तो वैताग पटत नाही. अंधार, उचलली जाणारी गाडी, सरकणारं नेपथ्य यांच्यामध्ये आठ वर्षांचं मूल उभं असतं. विंगेत त्याचा हात धरून थांबलेल्या बाईंना प्रेक्षकांच्या टाळ्या कधीच मिळत नाहीत, आणि माझ्या मते संस्थेतलं सर्वांत मोठं काम त्यांचं आहे.

बुधवारच्या प्रयोगात मी डाव्या विंगेत होतो. काळा शर्ट, काळी पँट, कानात हेडसेट. संहिता पुढ्यात घेऊन सूचना देणारी मुलगी दिवसा बँकेत काम करते. हेडसेटवर ‘गो’ हा शब्द सूचना म्हणूनच उच्चारायचा, एरवी कुणी तो तोंडातून काढायचा नाही. तिचा आवाज आला, ‘स्टँडबाय, दिवे सत्तेचाळीस, धुकं, गाडी.’ तिघांनी एकामागून एक ‘स्टँडबाय’ म्हटलं. समोर गाणं चढत होतं. ती संगीत दिग्दर्शकाच्या हाताकडे बघत असणार, कारण मध्ये एवढी शांतता होती की हेडसेटमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता. ‘गो.’ दिवे आडवे झाले, पंख उघडले आणि गाडीची चाकं धुक्यातून वर निघाली.

प्रेक्षागृहातून टाळ्यांच्या आधी एक आवाज आला, शेकडो मुलांनी एकदम श्वास आत ओढल्याचा. माझ्या शेजारी धुक्याच्या यंत्रापाशी उभा असलेला निवृत्त पोस्टमन तोंडावर हात धरून रडत होता. गाडी कशी उडते हे त्याला पुरतं ठाऊक होतं. मंगळवारी गाडीची भुजा त्यानेच पुसली होती.

शनिवारी रात्री शेवटचा पडदा पडल्यावर तासाभरात नेपथ्य सुटं झालं. पंख मिटून, दोर आवळून गाडी परत ट्रकमध्ये चढली, दुसऱ्या गावी दुसरी संस्था तिची वाट बघत होती. सोमवारी चर्चच्या हॉलमध्ये गेलो तेव्हा चार खुर्च्या भिंतीला लावलेल्या होत्या. जमिनीवर पिवळ्या पट्टीचा एक तुकडा राहिला होता, पंखाच्या टोकाचा. तो मी काढला नाही.