कंदील कुठे टांगायचा?

दिवाळी अंकात दिवे बंद करण्याबद्दल लिहायचं म्हणजे जरा अवघडच. पण आमच्याकडे ते घडलं ऐन दिवाळीतच.

२०१९ साली लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं. फ्लोरिडातल्या मेलबर्न बीचला आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून समोर थेट अटलांटिक. दापोलीहून सासूबाई आल्या होत्या. आजी-नातीनं मिळून पुठ्ठ्याचा आकाशकंदील केला, आत पांढरा बल्ब सोडला आणि धनत्रयोदशीला तिन्हीसांजेला बाल्कनीत टांगला. तासाभरानं दारावर टकटक. खालच्या मजल्यावरच्या बाई होत्या. "फार सुंदर आहे," म्हणाल्या, "पण समुद्राच्या बाजूनं काढाल का? कासवांचा हंगाम महिनाअखेरपर्यंत आहे."

खरं सांगते, मला राग आला. वर्षातून चार दिवस लावायचा एक कंदील, त्यावरही कुणी बोट ठेवावं? तरी काढला.

मी शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे कासवांबद्दलचं माझं ज्ञान ससा-कासवाच्या गोष्टीपुरतं. नंतर कळलं, की आमच्या दक्षिणेला सुमारे वीस मैलांचा किनारा १९९१पासून 'आर्ची कार' अभयारण्य आहे आणि लॉगरहेड कासवं घरटी करतात अशा जगातल्या महत्त्वाच्या जागांपैकी तो एक. पण अभयारण्य म्हणजे कुंपण घातलेलं रान नव्हे. मधूनमधून लोकांची घरं आहेत, मुलं वाळूत किल्ले करतात, कुणी गळ टाकून बसतं. रात्री मादी येते, मागच्या पायांनी खड्डा करते, शंभरएक अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पिल्लांना बघायला ती पुन्हा येत नाही. दीडदोन महिन्यांनी पिल्लं बहुधा रात्रीच वर येतात आणि जिकडे क्षितिज उजळ तिकडे धावतात. मागे वाळूच्या टेकाडांचा काळोख, पुढे पाण्यावरचा उजेड, हा हिशेब हजारो वर्षं बरोबर होता. आता उजेड मागे आहे: रस्त्यावर, हॉटेलात, आमच्या बाल्कनीत. तांबूस दिव्यांचा त्रास त्या मानानं कमी. पांढरा सगळ्यात वाईट. किनाऱ्यावर रात्री राहिलेल्या खुर्च्या आणि न बुजवलेले खड्डेही त्यांना नडतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच बाई आम्हाला खाली घेऊन गेल्या. चार खुंट्या आणि पट्टी लावलेलं एक उशिराचं घरटं रात्री फुटलं होतं. इवल्या इवल्या पावलांच्या रेघा सरळ पाण्याकडे गेलेल्या. दोन रेघा मात्र उलट वळून आमच्या इमारतीकडे येत होत्या आणि गवतात नाहीशा झाल्या होत्या. शेजारच्या इमारतीचेही दिवे होते, कंदील तासभरच लागला होता, हे सगळं मी मनात म्हणून घेतलं. बाई काहीच बोलल्या नाहीत. लेकीनं गवतात बराच वेळ शोधलं.

सासूबाई म्हणाल्या, "अंडी उचलून जपत का नाहीत? आमच्या वेळासला जपतात." मंडणगड तालुक्यातलं वेळास त्यांनी पाहिलेलं. तिथं पूर्वी अंडी खणून खात, विकत. २००२पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'नं गावकऱ्यांच्या मदतीनं ती कुंपणात आणून पुरायला सुरुवात केली, आणि आता टोपलीखालून ऑलिव्ह रिडलेची पिल्लं निघताना बघायला मुंबई-पुण्याची माणसं गावात मुक्कामाला येतात. कोल्ह्या-कुत्र्यांपासून, माणसांपासून वाचवायचं तर तिथं तेच बरोबर. इथं घरटं शक्यतो जागीच ठेवतात आणि पिल्लांना हात लावणं गुन्हा. पण वेळासलाही पिल्लं थेट पाण्यात सोडत नाहीत, वाळूवर ठेवतात. पुढचं त्यांचं त्यांनीच चालायचं. सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा खालच्या बाईंनी त्यांचा हातच धरला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, मधे दुभाषी मी.

त्या वर्षीपासून ऑक्टोबरातली दिवाळी असली, की कंदील मागच्या जिन्यात, पश्चिमेला लागतो. बाल्कनीचा पडदा ओढलेला. पणत्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. २०२३ला दिवाळी नोव्हेंबरात आली, तर लेकीनं एक तारखेलाच कंदील बाल्कनीत टांगून टाकला आणि आजीला व्हिडिओवर दाखवला.

"तुमच्याकडची संपली ना," सासूबाई म्हणाल्या, "आता आमच्याकडची यायला लागतील."