नेणारी १०८, आणणारी गावाची गाडी

किनवट तालुक्यातल्या एखाद्या वाडीतून १०८ लावला की फोन उचलला जातो पुण्यात, औंधच्या नियंत्रण कक्षात. "नेमकं कुठं यायचं?" असं तिथून विचारतात. इकडचा माणूस घाबरलेला असतो. तो सांगतो, "मारुतीच्या पाराच्या खाली, टाकीजवळ." मराठवाड्यात पार नसलेलं गाव शोधावं लागेल, आणि टाकीही गावोगाव आहेच.

तरीही या सेवेला नावं ठेवण्यात अर्थ नाही. २०१४च्या जानेवारीत ती राज्यात सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी. त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक साधनांच्या आणि ७०४ प्राथमिक साधनांच्या. गाडीत डॉक्टर असतो आणि रुग्णाकडून एक रुपया घेतला जात नाही. पण १०८ चं काम रुग्णालयाच्या दारात संपतं. विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयातून सुट्टी मिळाली, कंबरेपासून प्लास्टर आहे, एसटीत बसवता येत नाही, तर काय करायचं? किंवा माणूस गेलाच, शवविच्छेदन होऊन संध्याकाळी देह ताब्यात मिळाला. किनवट तिथून सुमारे १४० किलोमीटर. खासगी गाडीवाला जाण्यायेण्याचे दोन्हीकडचे पैसे धरतो, आणि घरच्यांजवळ होतं-नव्हतं ते औषधांत गेलेलं असतं.

लोकवर्गणीची रुग्णवाहिका कामाला येते ती इथं. तिच्याबद्दल लिहिताना सगळे अपघात आणि सायरन रंगवतात. तिचा खरा धंदा परतीचा आहे, असं माझं मत आहे.

गाडी कुणाची? कुठं गणेश मंडळाची, कुठं मशिदीच्या कमिटीची, कुठं पतसंस्थेची, कुठं जयंती समितीची. बहुधा मारुतीची ओम्नी किंवा ईको. हात जरा सैल असला तर फोर्सची ट्रॅव्हलर. दात्याचं नाव काचेवर, दारावर, मागच्या बाजूला, आणि फोन नंबर उरलेल्या जागेत. रात्री दोन वाजता दात्याचं नाव वाचून कुणाला उपयोग होत नाही, पण हे सांगायचं कुणी? शिवाय गाडी देणारा भेटतो, इंधन देणारा भेटत नाही. विमा, फिटनेस, टायर, चालकाचा पगार हे फोटो काढण्याजोगे खर्च नव्हेत. म्हणून चांगल्या उद्घाटनानंतर वर्षा-दोन वर्षांत पंचायतीच्या भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या गाड्याही दिसतात.

चालतात त्या गाड्यांचं गुपित साधं आहे: किल्ली कुणाकडे, हे ठरलेलं असतं. दिवसा पगारी चालक, रात्री पाळीनं पोरं. एक मेडिकल चालवतो, एकाचं कृषी सेवा केंद्र, एक ट्रॅक्टरवर असतो. पावसाळ्यात कोणत्या पुलावर पाणी येतं, बाज कोणत्या बोळातून बाहेर निघेल, हे त्यांना विचारावं लागत नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातल्या हसनाळसारख्या गावांना पुरानं वेढलं, तेव्हा बाहेरच्या कुठल्याही गाडीआधी शेजारीच हजर होते. १९९३च्या ३० सप्टेंबरला किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटेही ढिगाऱ्यांवर पहिले हात शेजाऱ्यांचेच पडले.

मात्र पोरांची हौस आणि रुग्णसेवा यांत फरक आहे. तो कळतो ऑक्सिजनच्या हिशेबात. रुग्णवाहिकेत नेहमी दिसणाऱ्या बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर वायू मावतो. मिनिटाला ५ लिटर सोडला तर पाच तास पुरतो, १० लिटरला अडीच तास, आणि मास्कवर १५ लिटर लागले तर शंभर मिनिटांत संपतो. किनवट ते नांदेड तीन तासांचा रस्ता धरा. म्हणजे धाप वाढलेला रुग्ण अर्ध्या वाटेवर असताना काटा शून्यावर. जाणती माणसं निघण्याआधी मीटर बघतात, आणि रुग्ण फार गंभीर असेल तर १०८ लाच फोन करून वाटेत गाठ घालतात. "आम्हीच नेतो" म्हणणारा चालक अशा वेळी धोक्याचा.

कुठं न्यायचं हाही प्रश्न आहेच. जिल्ह्याचं ठिकाण नांदेड असलं तरी किनवटहून आदिलाबाद कितीतरी जवळ. देगलूरकडच्यांना निजामाबाद परकं नाही, उदगीर-देवणीकडच्यांना बिदर. नकाशावरची राज्यांची हद्द या चालकांच्या डोक्यात फारशी नसते.

रस्त्यावरच्या अपघातांसाठी महामार्ग पोलिसांनी १ मार्च २०२१ पासून 'मृत्युंजय दूत' योजना सुरू केली. महामार्गालगतच्या गावांतले, ढाब्यांवरचे, पेट्रोल पंपांवरचे लोक निवडून त्यांना प्रथमोपचार शिकवायचे, जखमीला मान न हलवता कसं उचलायचं ते दाखवायचं. लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड या रस्त्यावर ट्रकांची वर्दळ पाहिली की अशी माणसं दर काही मैलांवर हवीत असं वाटतं. अजूनही बघ्यांच्या मनातली भीती कोर्टकचेरीची असते. खरं तर २०१६च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आणि २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आलं. आपलं नाव सांगण्याचीही सक्ती नाही. हे वाक्य ढाब्याच्या भिंतीवर रंगवायला किती खर्च येईल?

अनोळखी जखमीला हात देण्याची ही कल्पना नांदेडला तरी नवी नसावी. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये इथंच देह ठेवला, आणि त्यांच्याच आनंदपूरच्या लढाईत भाई घनैया शत्रूच्या जखमींनाही पाणी पाजत होते, असं शीख परंपरा सांगते. तक्रार गेली तेव्हा गुरूंनी त्यांना उलट मलम दिलं. काठियावाडातल्या बांटव्याहून सरहद्दीपलीकडे गेलेले अब्दुल सत्तार ईधी कराचीत स्वतः गाडी चालवत बेवारस प्रेतं उचलत. प्रेत उचलणं हा या कामाचा कमी दर्जाचा भाग नव्हे, हे त्यांना कळलं होतं. आपल्याकडे त्यासाठी वेगळी शववाहिका असावी, निदान फेरीनंतर गाडी जंतुनाशकानं धुतली जावी, इतकाच आग्रह धरायचा.

पैशाचं म्हणाल तर ऐपत असलेल्याकडून इंधनापुरते घेतात. बाकीच्यांची नोंद वहीत 'येणे' म्हणून पडते. त्यातले काही दिवाळीच्या सुमारास, सोयाबीन मोंढ्यात गेल्यावर, न मागता चुकते होतात. उरलेल्यांवर वर्षअखेरीला रेघ मारतात.