उलंगवाडीनंतरचा व्यायाम

यवतमाळ जिल्ह्यात कापसाची उलंगवाडी झाली म्हणजे शेतमालकाचे अंग स्वस्थ बसते. आहार मात्र तोच राहतो. हंगामातील श्रम वर्षभर पुरतात, हा समज आम्हांस घातक वाटतो. राबणारे स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात व इन्सुलिन या अंतःस्रावाचे कार्य सुलभ करतात. परंतु हा गुण दिवस-दोन दिवसच टिकतो. पोटातील वाढलेली चरबी शरीरात मंद दाह चालू ठेवते. नियमित व्यायामाने तो कमी होतो. शेजारच्या अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा स्थापून नित्य व्यायामाचा धडा घालून दिलाच आहे. तेव्हा शेतकरी बंधूंनी उन्हाळ्यातही रोज पहाटे निदान अर्धा तास झपझप चालावे. मधुमेहाचे औषध चालू असल्यास प्रथम डॉक्टरांस विचारावे.