न दुखणारी जखम

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो, तेव्हा बेसा-पिपळा भागातल्या सिमेंटच्या रस्त्यावर अनवाणी पाऊल टेकवत नाही. पण बरीच वर्षे मधुमेह असलेला माणूस देवळाच्या तापलेल्या फरशीवर खुशाल प्रदक्षिणा घालून येतो आणि तळव्याचे फोड संध्याकाळी घरच्यांना दिसतात. त्याला चटका बसतो, पण कळत नाही.

साखर सतत वाढलेली राहिली की शरीरातल्या सर्वांत लांब नसा आधी खराब होतात, आणि त्या पायाच्या बोटांपर्यंत पोचलेल्या असतात. सुरुवातीला मुंग्या येतात, रात्री आग होते, मग बधिरपणा. आग थांबली म्हणजे बरे वाटले, असा समज इथेच घात करतो. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊनही अशीच जळजळ होते, तेव्हा तीही तपासणी करून घ्यावी. बधिरपणा ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा डॉक्टर तळव्याला टेकवतात. डोळे मिटलेल्या रुग्णाने फक्त ‘लागला’ म्हणायचे.

कुष्ठरोगाने बधिर झालेला पाय विदर्भाला नवा नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठसेवा सुरू केली, पुढे वरोऱ्याला बाबा आमटेंचे आनंदवन उभे राहिले. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, असे लोक मानत. वेदना नसल्यामुळे दुर्लक्षित राहिलेल्या जखमांनी ती झिजतात, हे वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले. कुष्ठरुग्णांसाठी वापरात आलेली मऊ रबराची एमसीआर चप्पल आज मधुमेहींनाही सुचवली जाते. दुकानात ती मागायला लाजणारे अजून आहेत, हे मात्र खरे.

पायाची सूज मात्र वेगळीच गोष्ट सांगते. दोन्ही पाय सुजले आणि बोटाने दाबल्यावर खळगा राहिला, तर हृदय, मूत्रपिंड, यकृत तपासायला हवे. कधी रक्तदाबाची अमलोडिपिनची गोळीही कारण असते. एकच पाय अचानक सुजून पोटरी दुखू लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते. मालीश न करता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एकच पाय महिनोन्‌महिने जाड होत गेला, तर पूर्व विदर्भात हत्तीपायाची शंका घ्यायलाच हवी. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास तो पसरवतो. हत्तीपायाचे जंतू रक्तात रात्री उतरतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रक्ताचा थेंब घ्यायला रात्री दार वाजवतात. त्यांना परत पाठवू नये.

तान्ह्या बाळाचे हातपाय एकाएकी सुजून ते किंचाळू लागले, की घरचे मुरगळल्याचा किंवा काही चावल्याचा संशय घेतात. सिकलसेल या रक्ताच्या आजाराची ही पहिली खूण असू शकते. मोठेपणी याच आजारात घोट्याजवळ जखम होते आणि ती लवकर भरत नाही.

टाचांच्या भेगांचा मात्र एवढा धसका नको. बहुतेकदा तो नुसता कोरडेपणा असतो. साखर असलेल्यांनी त्या ब्लेडने खरवडू नयेत आणि कुरूप घालवायला औषधाची पट्टी स्वतःच्या मनाने चिकटवू नये. तिच्यातल्या आम्लाने आजूबाजूची चांगली कातडीही जळते.